आप्पासाहेबांच्या विहिरीवरचं विलायती इंजिन

"काय लिवलंय, वाच बरं," म्हणत अण्णांनी तेलकट चिंधीतलं नोझल माझ्यापुढे धरलं.

आप्पासाहेबांच्या विहिरीवर, इंजिनाच्या खोलीत आम्ही बसलो होतो. दुष्काळाचा दुसरा उन्हाळा होता आणि मी नगरच्या नोकरीतून सुट्टीला घरी आले होते. घोडेगावच्या आसपासच्या विहिरी तळाला गेल्या होत्या. आमच्या गावात पाणी उरलं होतं ते या एका विहिरीत, आणि ते वर काढणारं इंजिन बंद पडलं होतं. बाहेर हौदाशी घागरींची रांग लावून बायका लिंबाखाली बसल्या होत्या. आप्पासाहेबांनी सकाळीच सांगितलं होतं, मेस्तरी, आज चाललं तर ठीक, नाहीतर उद्या नगरहून नवं देशी इंजिन टेम्पोत घालून आणतो आणि हे म्हातारं भंगारात देतो.

अण्णा, म्हणजे माझे वडील, रंगनाथ मेस्तरी. पाण्याची इंजिनं दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा. पण कोणी विचारलं तर ते 'विलायती इंजिनाचा मेस्तरी' असंच सांगत. बोटीतून मुंबईला उतरलेलं हे इंजिन बैलगाडीत चढून गावात आलं तेव्हा गाडीमागे चालत आलेल्या तरुणांत ते होते, आणि मग आयुष्यभर त्याच्याच मागे राहिले. इंजिनावर विलायतेतल्या कारखान्याची एक पितळी पाटी होती. दसऱ्याला ती चिंचेनं लख्ख घासून तिला हळदकुंकू लावायचं काम माझं असे. इंग्रजी अक्षरं मी शाळेत जायच्या आधी त्या पाटीवर शिकले. अण्णांना इंग्रजी येत नव्हतं, पण ते माझं बोट धरून अक्षरांच्या वळणावरून फिरवत. पुढे मी नगरला शिक्षिका झाले, भारंभार पुस्तकं वाचली, तरी ई हे अक्षर दिसलं की मला अजून चिंचेचा वास येतो.

नोझलवर बारीक अक्षरं कोरलेली होती. मी वाचलं, "मेड इन इंडिया."

"नीट वाच."

मी पुन्हा तेच वाचलं. त्यांनी नोझल दाराच्या उजेडात नेलं, डोळ्याशी धरलं, मग पाटीकडे पाहिलं. दोन्हीकडची अक्षरं जुळत नव्हती, हे त्यांना इंग्रजी न येताही कळत होतं.

नोझल म्हणजे इंजिनात डिझेलचा फवारा सोडणारा बोटाएवढा तुकडा. बाकीचं काहीही अण्णा करून घेत. हा एक तुकडा मात्र नेहमी विलायतेहून यायचा. तो इथं होणं शक्य नाही, असं ते म्हणत. त्याला सात पिढ्यांचा हात लागतो. माझा भाऊ सूर्यभान नगरच्या दुकानातून नोझल घेऊन आला होता. त्यानं सांगितलं की विलायती माल यायचा बंद झाला, दुकानदार म्हणतो आता हे नाशिककडून येतं.

"नाशकाला द्राक्षं व्हत्यात," अण्णा म्हणाले.

त्यांनी ते नळीला जोडलं आणि इंजिनात न बसवता बाहेरच धरलं. सूर्यभाननं हँडल फिरवलं. नोझलमधून डिझेलचं धुकं उडालं, बारीक आणि गोल. अण्णा टोकाखाली तर्जनी धरून थांबले. वाईट नोझल शेवटी थेंब गाळतं. त्यांनी पुन्हा फिरवायला लावलं, आणि पुन्हा. बोट कोरडंच राहिलं.

"थेंब न्हाई," ते म्हणाले. कोणाची तरी तक्रार सांगावी तसे.

नोझल आत बसवल्यावर इंजिन सुरू झालं. खोली हादरू लागली, बाहेर बायका उठल्या, पाइपातून आधी गढूळ आणि मग स्वच्छ पाणी आलं. आप्पासाहेब दारात येऊन हसले.

"मेस्तरी, तुमच्या साहेबाला शेवटी नाशकाचं पाजावं लागलं."

सगळे हसले. अण्णा हात पुसत राहिले. इंजिन वाचलं होतं, आणि त्यांचा चेहरा मात्र काहीतरी हरवलेल्या माणसासारखा होता.

चहा आला तेव्हा ते माझ्याजवळ येऊन बसले. बशीतला चहा निवत होता.

"तू येवढी बुकं वाचती. इतका पुढं गेलेला मुलूख मागं कसा येतो?"

मी सांगितलं. युद्धं, गेलेल्या वसाहती, जुने कारखाने, नव्या यंत्रांत पैसा न घालणारे मालक. वर्गात सांगते तसं सगळं क्रमानं सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण ती ऐकल्याची होती, पटल्याची नव्हे.

"ते झालं राजाचं. मी हाताचं इचारतो. ज्या हातानं हे पैलं केलं, तो हात कसा इसरतो?"

त्यांनी बशी उचलली, पण तोंडाला लावली नाही.

"आन् आता आपलं लोक पुढं गेलं म्हन. मग आपन तरी किती दिस?" ते थोडं हसले. "का हे असंच फिरत ऱ्हातं, चाकावानी?"

मी म्हटलं, "अण्णा, याचं उत्तर कुणालाच माहीत नाही." ते म्हणाले, मग बुकं कशाला छापत्यात. आणि बशी तोंडाला लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई त्यांना उठवायला गेली, तर ते उठले नाहीत.

दहाव्याला आम्ही प्रवरासंगमला गेलो. नदीत वाळूच जास्त होती. पिंड ठेवला, सगळे मागे सरले. कावळे होते, समोरच्या बाभळीवर बसले होते, पण खाली एकही येईना. ऊन चढू लागलं. सूर्यभान पुढे होऊन म्हणाला, आईला मी अंतर देणार नाही. कावळे हलले नाहीत. आप्पासाहेब चपला काढून पुढे आले आणि म्हणाले, मेस्तरी, इंजिन भंगारात जाणार न्हाई, माजा शबुद. एक कावळा उडाला आणि पलीकडच्या फांदीवर जाऊन बसला.

मग कोणीतरी माझ्याकडे पाहिलं.

माझा या गोष्टींवर विश्वास नाही. तरी मी पुढे गेले. मला ती खोली आठवत होती. पिस्टन कोल्हापूरचा होता. बूश अण्णांनी नगरला लेथवर उभं राहून करून घेतले होते. चाकाला तडा गेला तेव्हा नवं चाक नगरजवळच्या नागापूरला ओतलं होतं. व्हॉल्व्हच्या बैठका तर ते दरसाल हातानं घासत. बोटीतून उतरलेलं असं त्यात पाटीखेरीज काही राहिलं नव्हतं. हे मला कधीपासून कळत होतं. सांगावं तर त्यांचं विलायती इंजिन जाईल, म्हणून मी गप्प बसत आले. गप्प राहून मी त्यांचं काय राखलं, ते मला त्या वाळूतही कळेना.

नगरला गेल्यापासून मी अण्णांशीसुद्धा शाळेतल्यासारखं बोलत असे. तोंडात आलं ते मात्र गावचं होतं.

"अण्णा," मी म्हणाले, "त्ये इंजिन विलायती न्हवतं. पाटी तेवढी त्यांची. बाकी समदं तुमचं हुतं."