फुली मारलेली अंडी

पदूच्या बापाची, चांगोची, खालापुरात भाताची गिरणी होती आणि गिरणीमागच्या जुन्या गोदामात अजगरांची एक जोडी होती. "अजगराची गिरणी" म्हटलं की नवखा माणूसही बरोबर दारात येऊन उभा राही. चांगोला हे मुळीच आवडत नसे.

नर ठाकुरवाडीच्या सखानं टोपलीत घालून आणून दिला होता. मादी पेंढ्याच्या उडवीत सापडली, लोक काठ्या घेऊन धावले, आणि पदूनं तिला पोत्यात घालून घरी आणली. पदू प्राणिशास्त्राचा बी.एस्सी., खोपोलीच्या शाळेत विज्ञान शिकवणारा. आईबापाच्या अंगावरची नक्षी पिलांत कशी उतरते, एवढंच त्याला बघायचं होतं. त्यासाठी पिलं हवीत आणि त्यांचे फोटो हवेत. फोटोत कुठलं पिलू कोणतं हे कसं ओळखायचं, यावर त्यानं तोडगा काढला होता. पाताळगंगेच्या पात्रातून पट्ट्यापट्ट्यांचे अकीक दगड वेचायचे, वाळूबरोबर पिंपात घालायचे आणि पिंप गिरणीच्या पट्ट्यावर फिरत ठेवायचं. काही आठवड्यांत दगड काचेसारखे गुळगुळीत होत. दोन दगडांवरच्या रेघा कधी सारख्या नसतात. म्हणजे एका पिलाला एक दगड, आणि दर फोटोत तोच दगड शेजारी. पिलू किती वाढलं तेही दगडाशी ताडून कळणार.

"दगड तयार हायेत," चांगो म्हणे. "पिलं कुठं हायेत?"

पिलंच नव्हती. पहिल्या वर्षी अंडी पोकळ निघाली. दुसऱ्या वर्षी इंजिनाच्या हादऱ्यांनी मादी अंडी सोडून निघून गेली आणि अंड्यांना बुरशी आली. अडुसष्टच्या शिमग्यात मादी पुन्हा अंड्यावर आली तेव्हा चांगोनं निकाल दिला, "यंदा पिलं निघाली तर ऱ्हाऊं दे. नाय निघाली तर दोनी जनावरं माथेरानच्या रानात. मला गोदामात भात ठेवायचाय."

या वेळी पदूनं अंडी मादीकडं ठेवलीच नाहीत. एकमेकांना चिकटून त्यांचा गोळा व्हायच्या आत त्यानं ती सुटी करून उचलली. मोठ्या मडक्यात ओलसर तूस घातलं, त्यात अंडी ठेवली आणि हादरे लागू नयेत म्हणून मडकं इंजिनघराच्या उबेत शिंक्यावर टांगलं. प्रत्येक अंड्याच्या वरच्या अंगाला त्यानं पेन्सिलीनं फुली मारली. अजगराचं अंडं उलथायचं नसतं. आतला जीव वरच्या बाजूला चिकटून वाढतो, अंडं उलटं झालं की तो दगावतो. फुली वर आहे तोवर काळजी नाही.

वैशाखात बोर्डाचे पेपर तपासायला त्याला पुण्याला जावं लागलं. निघताना त्यानं घरातच राहणाऱ्या येसूआत्याला सगळं समजावलं. पाणी किती शिंपडायचं, थर्मामीटरची रेघ कुठवर आली की गोणपाट काढायचं, मुंग्या लागल्या तर काय करायचं, सगळं. फुलीचं सांगायचं राहिलं. त्यात सांगण्यासारखं काय होतं?

परत आला तो पिशवी खांद्यावरून न उतरवता मडक्याशी गेला. गोणपाट दूर केलं. एकाही अंड्यावर फुली दिसेना. अंडी चिंबली होती, पिकलेला पेरू दाबावा तशी. त्यानं एक हलकेच उचललं. फुली खाली होती.

"आते! अंड्यांना हात कुणी लावला?"

"मी. दुसरं कोन लावनार?" येसूबाई भाकरी थापता थापता म्हणाली. "तू फुल्या मारल्यास ते लय बरं केलंस. सकाळी फुली वर, सांजला फुली खाली. एक दीस चुकवलं नाय."

"उलथलीस तू ती?"

"मंग? खुडूक कोंबडी दिसभर चोचीनं अंडी उलथते. ह्यांची आय लोळत पडलीया गोदामात. ह्यांना कोन उलथनार? तुजा बाप?"

पदू उंबऱ्यावरच बसला. तिच्यावर ओरडावं असं फार वाटलं, पण ओरडायचं तर कुठल्या तोंडानं? जगातली एकच गोष्ट तिला सांगायची होती आणि नेमकी तीच त्यानं सांगितली नव्हती. चांगोनं पोराचा चेहरा पाहिला आणि नेहमीपेक्षा हळू आवाजात विचारलं, "गाडीवाल्या गजाला सांगू का रं, उद्या माथेरानसाठी गाडी जुंपायला?"

"सांगा," पदू म्हणाला.

सकाळी त्याला वाटलं, निदान जीव कधी गेले ते तरी बघून ठेवावं. त्यानं ब्लेड घेतलं आणि सगळ्यांत जास्त चिंबलेलं अंडं हातात धरलं. ब्लेड टेकवणार तो कवचावर आधीच एक चीर. सरळ, स्वच्छ.

"आते, तू ह्याला ब्लेड लावलंस?"

"नाय रं बाबा! तुज्या ब्लेडनं मी काय दाढी करनार?"

चिरेतून एक बुडबुडा आला. मग ओलं, बोटाच्या टोकाएवढं नाक. नाकाखालून जीभ बाहेर आली, हवेत दोनदा हलली आणि आत गेली.

पदूनं ब्लेड इतकं लांब ठेवलं की ते पुढं दोन दिवस कुणाला सापडलं नाही. मडक्यातल्या अंड्यांवर आणखी चिरा होत्या. त्याला खुळ्यासारखं हसू येऊ लागलं. अंडी निघायच्या आधी आपोआप चिंबतात, हे त्याला ठाऊक नव्हतं, कारण त्याची कुठली अंडी आजवर तिथपर्यंत पोचलीच नव्हती.

"बाबा!" त्यानं हाक मारली. "गाडी नको!"

चांगो आला, वाकून बघत राहिला. "डोकं तर माज्या मेव्हन्यासारखं हाय," तो म्हणाला आणि गजाला परत पाठवायला स्वतःच गेला.

दोन अंडी सोडून सगळी निघाली. पुढले दोन दिवस पदू अंगणात पांढऱ्या धोतरावर एकेक दगड आणि एकेक पिलू मांडून, कॅमेऱ्याला भिंग लावून पालथा पडलेला होता. पिलं दगडांना वेटोळी घालत, कारण दगड उन्हानं तापलेले. येसूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, "मी उलथली म्हनून निघाली."

पदूला ते पटत नव्हतं. शेवटच्या दिवसांत पिलू भरलेलं असतं, तेव्हा उलथल्यानं बिघडत नसावं. पण 'नसावं' म्हणजे काही पुरावा नव्हे.

"आते," तो म्हणाला, "पुढच्या साली शेवटी शेवटी अर्धी उलथू, अर्धी नको. मंग कळंल कुणाचं खरं."

"अर्ध्यांना उलथायचं आनि अर्ध्यांना नाय?" येसूबाईनं कमरेवर हात ठेवले. "असला सावत्रपना माज्यानं व्हायचा नाय."