उघाडीच्या बाजूचा गोल

आमच्या खारआळीचा क्लब वरच्या लीगमध्ये एकच साल खेळला. लोक म्हणतात, एका सालाचं काय घेऊन बसलीस हौसा? अरे, मंग तुमी बसा की दुसरं काय घेऊन! मी ते साल या डोळ्यांनी बघितलंय, आणि अजून डोळे मिटले की तेच दिसतं. पांढरीफटक जमीन, तिच्यावर पळणारे अकरा जण, आणि उन्हात त्यांचे पाय दिसतच नायत, नुसती धडं तरंगत चाललीत.

पेणच्या खाली, खाडीला लागून आमचं गाव. खाडीच्या बांधाला फळ्यांचं दार असतं, त्याला उघाडी म्हणतात. भरतीला ती बंद ठेवायची, ओहोटीला उघडून आतलं पाणी बाहेर सोडायचं. माझा नवरा नाथा ते काम करायचा. तो गेल्यावर गावानं ते मला दिलं. उपकार नाय केले. भरतीची वेळ नाथापेक्षा मला जास्त कळायची, आणि हे त्यालाही म्हाईत होतं.

त्या उघाडीला लागून एक जुनं मिठागर होतं. मीठ पिकवणं कधीच बंद झालेलं, जमीन तापून तापून दगडासारखी झालेली, वरती मिठाचा पापुद्रा. तेच आमचं ग्राउंड. महमूद आमच्याच गावातला, मशिदीजवळ राहणारा. गल्फमधून येताना लोक टेप आणतात, अत्तरं आणतात, हा बाबा फुटबॉल घेऊन आला. आगरी पोरं, मोहल्ल्यातली पोरं, सगळी त्याच्या मागं लागली. माझा कान्हू सगळ्यात पुढं. मी बांधावरून ओरडायची, "मेल्यांनो, बांध तुडवू नका, फुटला तर तुमचे बाप बुजवतील काय?" महमूद गोलात उभा राहून हात जोडायचा. "काकी, दहा मिनिटं!" त्याची दहा मिनिटं सूर्य बुडेपर्यंत संपायची नायत.

दोन सालं खालच्या लीगमध्ये खेळली आणि तिसऱ्या साली पहिली आली. म्हणजे आता वरच्या लीगमध्ये. रोहा, वरसे, कोलाड, असल्या गावांचे क्लब आमच्या खारात येऊन खेळणार! आठ क्लब, प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, एकदा त्यांच्याकडं, एकदा आपल्याकडं. शेवटी आठातला खालचा एक परत खाली.

तेव्हा कान्हू रोह्याला कंपनीत कंत्राटावर होता. रोह्यापर्यंत रेल्वे येऊन थोडीच वर्षं झालेली, तिच्यानं शिफ्टला जायचा. कंपनीच्या साहेबाला फुटबॉलचं वेड. वरच्या लीगमधला खेळाडू असेल तर पर्मनंट करतो म्हणून त्यानं कान्हूला शब्द दिलेला. आणि इकडं महमूद परत गल्फला जाणार होता, त्यानं आपल्याबरोबर कान्हूचाही विसा काढून ठेवलेला. एक दिवस जेवता जेवता कान्हू मला बोलला, "आये, वरच्या लीगमध्ये टिकलो तर मी कुठं जात नाय. नाय टिकलो तर मे महिन्यात महमूदभाईबरोबर जातो."

"म्हणजे तू माझ्याजवळ राहायचं की नाय ते तो चेंडू ठरवणार?" मी बोलले.

"तसंच समज," तो हसून बोलला आणि भाकरी मोडली.

मला एकच पोरगा. त्या दिवसापासून मी फुटबॉल बघायला लागले.

आधी मला काय कळायचं? बॉल तिकडं गेला की बरं, इकडं आला की वाईट, एवढंच. पण आमच्याकडची मॅच कधी ठेवायची ते मात्र मीच सांगायची. आमावस्या-पुनवेला उधाण असतं. उघाडी बंद असली तरी बांधातून पाणी पाझरतं आणि ग्राउंड चिकट होतं. म्हणून मी महमूदला अष्टमीच्या आसपासच्या तारखा लिहून दिल्या, तेव्हा भरतीला जोर नसतो. लीगवाले पहिल्यांदा हसले. मंग एकदा आमचं न ऐकता कोलाडची मॅच पुनवेला ठेवली. मॅच अर्धी झाली नाय तोवर पाझर घोट्याला लागला. मॅच रद्द, आणि पुढच्या आठवड्यात परत पहिल्यापासून. रद्द झालेली मॅच आमी हरत होतो, परत खेळलो ती जिंकलो. सगळं गाव नाचलं. माझ्या मनात ते तेव्हाच कुठंतरी बसलं असणार, मी खोटं नाय बोलत.

काय दिवस होते ते! बाहेरची पोरं आमच्या ग्राउंडवर आली की डोळ्यांवर हात धरायची, मिठावरून ऊन उलटं तोंडावर यायचं. एक पडला, गुडघा खरचटला की नाचायलाच लागायचा, जखमेत मीठ! माझी जाऊ धोंडुबाय हंड्यानं गोडं पाणी ओतायची त्यांच्या गुडघ्यावर आणि वर टोमणा, "सोस रे बाबा, आमी जन्मभर सोसतोय." रोह्याला खेळायला गेलो तेव्हा बायका पण टेम्पोत चढल्या. कुंडलिकेच्या काठानं टेम्पो चाललेला, नदी भरून वाहणारी, आणि मला सारखं वाटत होतं की आपण पाण्यावरूनच चाललोय, खाली रस्ता नायच. रोह्यात तीन गोलांनी हरलो, वरशाला पाच. तरी येताना सगळे गात होते. रिझल्ट कुणाला आठवतो? मला कान्हूची मान आठवते, टेम्पोत धोंडुबायच्या खांद्यावर झोपलेली, घामानं भिजलेली.

फाल्गुन संपेपर्यंत गणित अगदी साधं झालं. शेवटची मॅच रोह्याच्या क्लबबरोबर, आमच्याकडं. बरोबरी झाली तरी आमी टिकतो. हरलो तर खाली.

पण शेवटच्या मॅची सगळ्यांच्या एकाच रविवारी होत्या, तिथं माझी अष्टमी कोण विचारतो. तो रविवार आला पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी. बीज. बीजेला भरती दीडच्या सुमाराला भरते, आणि ते उधाण आमावस्येपेक्षाही मोठं. रोह्याच्या पोरांची सेकंड शिफ्ट, म्हणून मॅच सकाळी अकराला. मी महमूदला बोलले, घाबरू नको, उघाडी घट्ट हाय, पाझर आला तरी मॅच संपल्यावर येईल.

अर्धी मॅच झाली तेव्हा रोह्याचा एक गोल, आमचा नाय. ऊन असं की समोरचं सगळं हलत होतं. मी उघाडीवर बसलेली, पाठीमागं खाडी चढत होती. पाणी फळ्यांना लागून उभं होतं, माझ्या कमरेएवढं, आणि पुढं कोरडं ग्राउंड त्याच्यापेक्षा खाली. वीस मिनिटं राहिली असतील. कान्हू धावत होता, पण त्याचे पाय उन्हात विरघळलेले, आणि मला वाटलं तो आत्ताच निघून गेलाय, हे जे दिसतंय ते त्याचं नुसतं वरचं अर्धं हाय, बाकीचं विमानात बसलंय.

मी दगड उचलला आणि दुसऱ्या फळीची पाचर मारून काढली. कुणी सांगितलं नाय, कुणी बघितलं नाय. फळी पाण्याच्या जोरानं आत उडाली आणि खाडी ग्राउंडवर आली.

"उघाडी फुटली!" मीच ओरडले. माझीच जीभ, वळली कशी कोण जाणे.

पाणी हळूहळू पसरत गेलं, आरशासारखं. आभाळ खाली आलं, पोरं आभाळातच पळायला लागली. रेफरीनं शिट्टी मारली आणि दोन्ही कॅप्टनना बोलावलं. रोह्याचा कॅप्टन खेळा म्हणणारच, तो पुढं होता. आमचा कॅप्टन कान्हू. रेफरीनं त्याला विचारलं, "दोघांना चालत असेल तर खेळू. नायतर मॅच रद्द."

एवढंच तर मला पाहिजे होतं. नाय म्हण रे, मी मनात बोलले, नाय म्हण, नाय म्हण.

कान्हूनं पाण्याकडं बघितलं. मंग हसला, अगदी त्याच्या बापासारखा. "हे आमच्या घरचं पाणी हाय, साहेब," तो बोलला. "आमीच त्याला बघून पळालो तर गावात तोंड कसं दाखवायचं? खेळू."

मी बांधावर बसले.

आणि मंग ती बारा मिनिटं. असला खेळ कुणी बघितला नसेल. बॉल पळायचा नाय, तरंगायचा. लाथ मारली की पाणी उडायचं, आणि त्या पाण्याच्या आत बॉल कुठं ते कळायचं नाय. रोह्याची पोरं पण हसायला लागली. महमूद आपला गोल सोडून पार मध्यापर्यंत आलेला आणि "कान्हू! कान्हू!" करून ओरडत होता. मी उभी राहिले. मला वाटायला लागलं, बरोबरी होईल, असल्या दिवशी काय पण होईल.

झालंच असतं. कान्हूला बॉल मिळाला. त्यानं एकाला चुकवलं, गोलकीपर पुढं आला, त्यालाही चुकवलं. समोर मोकळा गोल. त्यानं बॉल हलकेच, नीट, जमिनीवरून ढकलला. आडवं कुणी नव्हतं.

तो गोल उघाडीच्या बाजूचा होता. अर्ध्या मॅचनंतर बाजू बदलतात, हे माझ्या टाळक्यात आलंच नव्हतं. सगळ्यात जास्त पाणी तिथंच साचलेलं. बॉल गेला, गेला, हळू झाला, आणि बरोबर रेषेवर थांबला. तिथंच डुलत राहिला. कान्हू धावला, गोलकीपर पण धावला. गोलकीपरनं आडवं पडून बॉल उचलला, आणि मॅच संपल्याची शिट्टी वाजली.

गावानं उधाणाला शिव्या दिल्या. फळी जुनी होती म्हणाले, तिला किती वर्षं झाली म्हणाले. धोंडुबाय मला जवळ घेऊन बोलली, "तुझा काय दोष गो हौसा." ओहोटीला मी फळी चिखलातून शोधून परत बसवली.

मे महिना आला. जायच्या आदल्या दिवशी कान्हू हातोडा आणि नवी फळी घेऊन उघाडीवर आला. "आये, मी नसताना परत फुटली तर तू एकटी काय करशील? बदलून देतो." मी खिळे धरून उभी होते. त्यानं जुनी फळी उपसली, उलटीसुलटी केली, हातोड्यानं ठोकून बघितली.

"आये, ही तर सागाची हाय. चांगली टणक. कुजली कुठं?"

मला दहा कारणं सांगता आली असती. "नाय कुजली," मी बोलले. "मी काढली. मला वाटलं मॅच रद्द होईल, परत खेळाल, जिंकाल. तू राहशील."

तो बांधावर बसला. खाडी उतरत होती, खालचा चिखल उघडा पडत होता. त्यानं मला शिव्या द्याव्यात, ती फळी माझ्या पाठीत घालावी, असं मला मनापासून वाटत होतं. तो मात्र लहान असताना बोलायचा तशा आवाजात बोलला.

"आये, तो बॉल आत जात होता गो."

"व्हय रे," मी बोलले. "जात होता. मी इथंच उभी होते."

त्यानं जुनीच फळी परत जागेवर बसवली, पाचर मारली, हलवून बघितली. दुसऱ्या दिवशी महमूदबरोबर गेला.