समोरचा दात

खाणींच्या ओरुरो गावाचा कार्निव्हल तोंडावर आला असताना झेनोबिओ चोकेचं तोंड सुजलं. वरच्या समोरच्या दाताच्या मुळाशी पाण्याची गाठ धरली होती आणि तिनं आतलं हाड पोखरलं होतं. बाजारातला दातवाला म्हणाला, उपटू, सोन्याचा बसवू. पण झेनोबिओ ट्रम्पेटवाला. त्याची फुंक त्याच दातावर टेकलेली. डॉक्टर मारित्सांनी हिरडी उघडून गाठ काढली, मुळाचं टोक छाटून बुजवलं आणि दात राखला.

"सहा महिने ट्रम्पेट नाही," त्या म्हणाल्या. "पोकळीत हाड भरायला हवं. फुंकलास, तर दात गेला."

त्यानं मान डोलावली. नवसाचं बोलला नाही. भाऊ खाणीतून जिवंत निघाला, तेव्हा खाणकामगारांच्या देवीला, सोकावोनच्या मातेला, त्यानं तिच्या दारी तीन कार्निव्हल वाजवायचं कबूल केलं होतं. हा तिसरा.

"नुसता ओठाशी धर," बँडमास्तर एलोय म्हणाला. "एवढ्या गर्दीत कुणाला कळतंय? उलट बँड सुरात येईल."

"तुमच्याच हाताखाली शिकलो, मास्तर!"

मिरवणुकीत तो नुसती बोटं फिरवत चालला. कडेनं चालणारी त्याची बायको नेमेसिया ओरडली, "गाल फुगव की रे, मेल्या! सोंग तरी नीट कर!"

देवळासमोर बँड थांबून वाजवू लागला. नाचणारे गुडघ्यांवर रांगत, रडत आत निघाले. उघड्या दारातून मातेचे दिवे दिसले आणि झेनोबिओची बोटं थांबली. लोकांना फसवता येतं. तिच्यासमोर खोटं कसं वाजवायचं?

त्यानं छातीभर श्वास घेतला आणि फुंकलं.

पुढच्या आठवड्यात मारित्सांनी बोट लावलं, तर दात हलत होता. टाके उसवून जखमेत पू झाला होता.

"आता काढावाच लागेल," त्या म्हणाल्या. रागावल्यासुद्धा नाहीत.

नेमेसियानं त्याचा हात धरला. "जाऊ दे. नवस तर फिटला ना?"



"एकच सूर निघाला," झेनोबिओ म्हणाला. "मग तोंड रक्तानं भरलं. पुढं तिच्यासमोरसुद्धा बोटंच फिरवली गं."

मारित्सांनी भुलीची सुई भरली. त्यानं तोंड उघडलं.