टेकडीवरच्या सभेत नोमसा

नोमसा आमच्या आखातातल्या, फहाहीलच्या घरी आली, की तिच्या आधी तिचं हसू जिना चढून येत असे. मातीच्या रांजणातून पाणी ओतावं तसं ते खोल आणि मंद घुमे. आणि ते थांबलं, की एअर कंडिशनरची घरघर आणि खिडकीच्या काचेवर वाळूचं बारीक खरचटणं, एवढंच काय ते उरे. त्या उरलेल्या शांततेत ती बसे. रुंद खांदे, मांडीवर उताणे ठेवलेले तळवे, आणि नजर अशी दूर लागलेली, की समोरच्या माणसाला आपण उगाच मध्ये येतोय असा संकोच व्हावा. माझा देह बराचसा मध्ये येण्याजोगा असल्याने मला तो जरा अधिकच होई.

सुनंदा, म्हणजे आमची सौभाग्यवती, आणि ती एकाच वॉर्डात परिचारिका; सुनंदाने शिकवल्यापासून ती मला भावजी म्हणे. मी शुऐबाच्या कारखान्यात यंत्रांचा दाब आणि तापमान मोजत असे. माणसांचं खातं बायकोकडे. ऐंशीचं दशक नुकतं लागलं होतं. नोमसा दक्षिण आफ्रिकेच्या पूर्वेकडच्या, खोसा भाषा बोलणाऱ्या हिरव्या टेकड्यांवरची. तिच्या भावाने गोऱ्यांच्या राज्याविरुद्ध तोंड उघडलं, आणि परतीचं दार तिच्याही तोंडावर मिटलं. शेजारच्या देशाच्या पासपोर्टावर ती या वृक्षहीन प्रकाशात येऊन पडली होती. एखादं पान दुसऱ्याच ऋतूत येऊन पडावं तशी.

गावाविषयी ती बोलू लागली, की तिचे हात जागे होत. गावचा कारभार गुरांच्या कुंपणापाशी, उघड्या आकाशाखाली चाले. मुखिया सरकारने नेमलेला, पण रीत जुनी: प्रत्येक पुरुषाने बोलायचं, कुणी कुणाला तोडायचं नाही, आणि मुखियाने सर्वांत शेवटी, सगळ्यांच्या बोलण्याचं सार सांगायचं. बायकांनी बाजूला बसायचं. त्यांचं म्हणणं घरातल्या पुरुषाने मांडायचं.

"आमच्याकडे उलट," सुनंदा म्हणाली. "यांचं म्हणणं मी मांडते."

मी मान डोलावली. तेवढीच मुभा होती.

त्या हिवाळ्यात नोमसाची आई गेली. टेकडीवरचं गोल घर आणि पूर्वाभिमुख अंगण ओकंबोकं झालं. तिथली रीत अशी, की जागा गावाची. घर रिकामं झालं, की सभा ती दुसऱ्या कुटुंबाला देऊ शकते. परदेशी गेलेल्या, अविवाहित मुलीसाठी ती राखावी की नाही, यावर सभा बसली. मामाने ती सगळी टेप करून, येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातून कॅसेट पाठवली.

एका शुक्रवारी दुपारी, बाहेर धुळीने ऊन हळदीच्या पाण्यासारखं झालेलं असताना, आम्ही ती लावली. आधी वारा आला. मग गाईच्या गळ्यातली घंटा, कुणाचं तरी खाकरणं, आणि मग वृद्ध पुरुषांचे आवाज, ज्यांत जिभेचे टक्‌टक्‌ ठोके सुक्या फांद्या मोडाव्यात तसे वाजत होते. नोमसा इंग्रजीतून अर्थ सांगत गेली: एकाने पूर्वजांना नमन केलं, पावसाची विचारपूस केली आणि स्वतःच्या बैलाची तब्येत सविस्तर सांगितली.

"बाबा, व्हेन विल दे स्टार्ट?" आमची कन्या कंटाळून म्हणाली.

"हे सुरूच आहे, बाळा," नोमसा म्हणाली. तिच्या कपाळावर घाम होता.

कुणी तिच्या बाजूने बोललं, कुणी विरुद्ध. अखेर मुखिया बोलायला उभा राहिला, त्याने घसा साफ केला, आणि खट्‌ करून टेप संपली. मी लगबगीने कॅसेट उलटली. मागच्या बाजूला चर्चमधली भजनं होती.

"मामाला सांगता नाही आलं, जरा आवरतं घ्या म्हणून?" मी म्हणालो.

"भावजी, सभेत कुणाला आवरतं घ्या म्हणणं म्हणजे तू माणूसच नाहीस म्हणणं." ती हसली. मग हसली नाही.

पुढच्या शुक्रवारी ती कोरी कॅसेट घेऊन आली; निकाल काहीही असो, पुढच्या सभेत आपलाही आवाज वाजावा म्हणून. डोक्याला घट्ट फडकं, खांद्यांवर सुनंदाची शाल. बायका तिथे बोलत नाहीत हे आठवून मी औदार्याने विचारलं, "तुझ्या वतीने मी बोलू का?"

"भावजी, तुम्हाला घरात तरी बोलू देतात का?"

आणि ती दिवाणखान्याच्या मध्यभागी उभी राहिली. एक शब्द कळला नाही. पण कोरड्या नदीपात्रात पाणी दबक्या पावलांनी पुढे सरकावं तसा तो स्वर सरकत गेला, आणि आम्ही तिघं नकळत ताठ बसलो. संपल्यावर तिने एकच वाक्य उलगडून सांगितलं: "मी आले नाही, पण मी गेलेलेही नाही."

उत्तर उन्हाळ्यात आलं. सभेने तिचा आवाज पुरता ऐकला होता. जागा तिचीच. तिथे कुणी घर बांधणार नाही. शेजारणी अंगण झाडून ठेवतील.

सुनंदाने आनंदाने साखरेचा डबा उघडला. नोमसा मात्र तळव्यांकडे पाहत राहिली.

"हरले असते, तर विसरता आलं असतं," ती म्हणाली. "आता तिथे रोज झाडू फिरणार. आणि मला जाता येणार नाही."

त्याच वर्षी मी रजेवर नाशिकला गेलो, तर धाकट्या भावाने माझ्या खोलीत धान्याच्या कोठ्या मांडल्या होत्या. सभा वगैरे काही झाली नव्हती. मी मुकाट्याने खाट पडवीत ओढली आणि कूस बदलत नोमसाचा हेवा करत राहिलो. पुढे तिचा करार संपला, ती आणखी कुठल्या देशाला गेली. टेकडीवर पोहोचली की नाही, कळलं नाही. आपण असतो तिथे जागा आपसूक मिळते. आपण नसतो तिथे ती कुणीतरी रोज उठून मोकळी ठेवावी लागते, आणि ते हात थकले, की मगच आपण खरोखर गेलेले असतो.