थोरलीला जीवदान

हातोहात खपणाऱ्या कादंबरीमालेचा नवा भाग लेखिकेने पाठवला आणि आठवड्यात परतही मागवला, तेव्हा प्रकाशनसंस्थेच्या मालकांनी डोक्याला हात लावला. "जा, समजूत काढा. आणि या खेपेला मागच्या पानावर फोटोही हवा," म्हणत त्यांनी संपादिकेला पिटाळलं. लेखिकेला आजवर कुणी पाहिलेलं नव्हतं. पुस्तकांवर पुरुषी टोपणनाव आणि सगळा व्यवहार टपालाने.

दार उघडलं ते कमरेला पट्टा बांधलेल्या एका धिप्पाड बाईंनी.

"टायपिंगचं काम आणलंत होय? माझी धाकटी जाऊ आत आहे. सारखी खटखट चालू असते मेलीची." तेवढ्यात त्यांना संपादिकेच्या पिशवीतलं पुस्तक दिसलं. "अगंबाई! तुम्हीही वाचता? त्यातली ती खाष्ट थोरली जाऊ! काय तो तोरा! हुबेहूब आमची शेजारीण."

कमरेवर हात ठेवून उभं राहण्याची ढब पुस्तकातल्या थोरलीचीच, 'अगंबाई'ही तेच. हसू दाबता दाबता संपादिकेला ठसका लागला.

आतल्या खोलीत लेखिकेने दार लोटून घेतलं. "पाहिलीत ना? आता सांगा, फोटो छापू? तिला कळलं तर माझ्यासमोर तोंड उघडायची नाही. मग मी लिहू काय, कप्पाळ?"

"पण नवा भाग का परत मागवलात?"

"त्यात थोरलीला मारलंय मी. आमचं भांडण झालं होतं, त्या रागात लिहिलं. मग हिचं ऑपरेशन निघालं. दवाखान्यात बाकावर बसले आणि त्या पानांचीच भीती वाटायला लागली. देवबिव मानत नाही हो मी. तरीसुद्धा."

"मग जगवा तिला."

"गोष्ट मिळमिळीत होईल."

"धाकटे, पाहुण्यांना चहा विचारलास की नुसतीच कुजबूज?" बाहेरून खणखणीत आवाज आला.

"मिळमिळीत?" संपादिका म्हणाली, आणि दोघी फिस्सकन हसल्या.

नव्या शेवटात थोरली आजारातून उठते आणि अख्ख्या घराला धारेवर धरते. तो वाचताना मालक इतके हसले की फोटोचं नावच काढायचं विसरले. पुस्तक दणक्यात खपलं.

एका दुपारी कार्यालयातला फोन वाजला. आवाज ओळखीचा होता. "तुमच्या त्या लेखकाला सांगा, थोरली झकास जमलीय. पण धाकटीला किती घुमी दाखवाल? तिलाही बोलू द्या की!"

संपादिकेने निरोप जसाच्या तसा पोचवला.

"मला कालच ऐकवलंय तिने, लेखक कोण ते ठाऊक नसताना," लेखिका म्हणाली. तिच्या आवाजात हसू मावत नव्हतं. "लिहायला बसलेय. पहिल्याच पानावर धाकटी कडाकडा भांडतेय."