चार वाजताचा फोन

सोजरबाईचं चित्त आज थाऱ्यावर नव्हतं. भिजवलेल्या पोह्यांवर तिनं पुन्हा पाणी ओतलं आणि त्यांचा पार लगदा केला. मांजरी गावातल्या उसाच्या कडेच्या त्या पत्र्याच्या खोलीत तिचे डोळे सारखे नवऱ्याच्या खिशाकडे जात होते. सीताराम रात्रपाळीचा वॉचमन. रोज दुपारी तो घोरू लागला, की सोजरबाई त्याच्या उशीखालचा बटणांचा फोन हळूच काढायची. चार वाजता शहरातल्या शनिवार पेठेतून हेमाताई शिकवायला फोन करायच्या आणि सातवीनंतर शाळेतून काढलेली निकिता पत्र्यामागं बसून गणितं शिकायची. पोरीच्या हाती फोन म्हणजे पोरगी हातची गेली, असं मानणारी वस्ती! चोरूनच करावं लागे सगळं.

आज सीताराम जागा होता. निकिताला बघायला पाहुणे आले होते. चौदा वर्षांची पोर आईच्या साडीत अडखळत येऊन पाटावर बसली. ताईंना 'आज नको' असं कळवायला फोन हाती लागलाच नव्हता.

"पोरगी फोनबिन बघत न्हाई ना?" मुलाचे चुलते बापूराव म्हणाले. "आमच्यात चालत न्हाई."

"छ्या! हात सुदिक लावत न्हाई," सीताराम म्हणाला.

आणि खिशातला फोन वाजला. त्यानं उचलला. त्या फोनचा आवाज काय सांगावा, अख्ख्या खोलीला ऐकू गेला.

"निकिता, कालचं गणित सुटलं का गं?"

"राँग नंबर," सीताराम पुटपुटला.

"राँग नंबरला पोरीचं नाव ठाऊक?" बापूराव उठलेच. "काय भानगड हाय ही?"

'मावशी हाय तिची' एवढं म्हटलं असतं तरी निभावलं असतं. लग्नही ठरलं असतं. पण सोजरबाई स्वतः तेराव्या वर्षी बोहल्यावर चढली होती. ती पुढं आली.

"मास्तरीण हाय तिची," ती म्हणाली. "फोन मीच देते, चोरून. आन् ह्यांनी सांगितलं तशी पोरगी अठराची न्हाई, चौदाची हाय. मला तिचं लगीन करायचं न्हाई."

पाहुणे पोहे तसेच टाकून गेले. "नाक कापलंस माझं!" म्हणत सीतारामनं फोन भिंतीवर आपटला. झाकण एकीकडे, बॅटरी दुसरीकडे. निकितानं रडत रडत तुकडे जोडले आणि मेला फोन पुन्हा सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी सीताराम फोन मुठीत धरून आडवा झाला. झोप कुठली त्याला! पत्र्यामागं निकिता वही उघडून बसली होती. सोजरबाई नवऱ्याच्या उशाशी आली. आजवर तिनं तो फोन कधी मागितला नव्हता. आज तिनं हात पुढं केला.

"अहो, द्या फोन. चार वाजत आले."