'बुटीक' शब्दाचे मूळ आणि खिडकीतील जागा

सुज्ञ वाचकहो, 'बुटीक' हा शब्द फ्रेंचांच्या घरून इंग्रजीत आणि तेथून एका शिंप्याच्या दुकानावर कसा येऊन बसला, व त्याने त्याच शिंप्यास जागेवरून कसे उठविले, याचा वृत्तान्त आता सादर होत आहे. चित्त स्थिर ठेवावे.

सदर शिंप्याचे मशीन आयुष्यभर दुकानाच्या खिडकीशी होते, आणि त्यास कारण होते. गिऱ्हाईक रस्ता ओलांडून येई तेव्हाच शिंपी त्याची चाल न्याहाळी: कोणाचा खांदा पडका, कोण पोट ओढून चालतो. टेपसमोर मात्र प्रत्येक मनुष्य ताठ उभा राहून खोटे बोलतो, असे त्याचे ठाम मत होते.

पुढे दुकान मुलाच्या हाती गेले. त्याने 'बुटीक' अशी काचेची पाटी लावली, मशीन पडद्यामागे कापडाच्या ताग्यांत ढकलले आणि खिडकीत एक मुंडके नसलेला पुतळा उभा केला.

"बाबा, बुटीकात शिंपी दिसत नसतो. कळकट वाटतं."

"आणि हा बिनडोक्या फार देखणा! तुझ्या आजोळचा का रे?"

एवढे बोलून शिंपी तोंड वाकडे करून आत गेला. आता मापे मुलगा घेई आणि आकडे पडद्याआडून फेकी. त्या आकड्यांवर कात्री चालविणे म्हणजे शिंप्यास निव्वळ आंधळी कोशिंबीर वाटे.

अखेर व्हायचे तेच झाले. भाषेचे एक प्राध्यापक नवा कोट घालून आरशासमोर उभे राहिले, तो कोटाची डावी बाजू खाली लोंबू लागली.

"मापं तर बरोबर आहेत, सर," मुलगा म्हणाला. "तुम्हीच जरा सरळ उभे राहा ना!"

हे ऐकताच शिंपी पडदा सारून बाहेर आला. "का? तुझ्या पाटीसाठी सरांनी जन्मभर सरळ उभं राहायचं? सर, तुम्ही शिकलेसवरलेले. या बुटीकचा अर्थ तरी काय हो? त्याच्यापायी मी आत कोंडला गेलोय."

"दुकान," प्राध्यापक कोट उतरवीत म्हणाले. "फ्रेंचमध्ये साधं दुकान. त्याच्याही मागे गेलात तर ग्रीक शब्द लागतो. त्याचा अर्थ कोठार. इंग्रजीत आल्यावर त्याला भाव चढला, इतकंच."

"ऐकलंस? दुकान!" शिंप्याची छाती फुगली.

परंतु मुलगा कसला वरमतो! "मग तर उत्तमच, बाबा. मूळ अर्थ कोठार. म्हणजे खऱ्या बुटीकात तुम्हीच बसलाय, ताग्यांमध्ये. आम्ही बिचारे बाहेर."

शिंपी तडक खिडकीशी गेला. मग त्याने पुतळा काखोटीस मारला.

"अहो बाबा, काय करताय?"

"एवढा मानाचा पाहुणा बाहेर कशाला ताटकळत ठेवायचा? खऱ्या बुटीकात नेऊन बसवतो."

मुलगा तोंड उघडणार, तोच प्राध्यापकांनी कोट त्याच्या हातावर टाकला. "खांदा नीट होणार असेल तर घेईन. नाहीतर तो पुतळ्याला घाला."

मुलाने निमूटपणे मशीनचे एक टोक उचलले.

खिडकीशी बसताच शिंप्याने चष्मा पुसला. "सर, त्या कोपऱ्यापर्यंत चालत जाऊन या. आणि कृपा करून सरळ चालू नका."

पाटी अद्याप तीच आहे. बिचारीस आपला अर्थ ठाऊक नाही.

येथवर वाचण्याचे श्रम घेतल्याबद्दल वाचकांचे अंतःकरणपूर्वक आभार.

आपला नम्र,
काज-बटनवाला